अकरा ते दोन

वकीलसाहेबांनी सिगारेट पेटवली, खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, “हं, लिहा.”

स्टेनोबाईंनी वही मांडीवर घेतली. कामाच्या बंद जागांत धूम्रपान करायचं नाही, असा सरकारी आदेश महिन्यापूर्वी निघाला होता. त्याला आव्हान द्यायला वकीलसाहेब स्वतःच अर्जदार म्हणून उभे राहिले होते. माणसाच्या ओठांत काय असावं हे आज सरकार ठरवू लागलं, तर उद्या त्या ओठांतून काय निघावं हेही तेच ठरवेल, असं वाक्य त्यांनी सांगितलं. ते त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते पुन्हा सांगितलं.

तेवढ्यात बाईंना खोकल्याची उबळ आली. साहेब थांबले. फाटकापाशी उभा राहिलेला माणूस मालगाडी जायची वाट बघतो, तसे थांबले. मग म्हणाले, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत जा. आणि पुढचा परिच्छेद सुरू केला.

छातीच्या डॉक्टरांनी आदल्याच दिवशी बाईंचा एक्सरे उजेडाकडे धरून विचारलं होतं, “दिवसाला किती ओढता?”

एकही नाही म्हटल्यावर डॉक्टरांनी मान हलवली, पण कागदावर काही लिहिलं नाही. असं सांगणारे त्यांना रोजच भेटत असावेत. घरात कोण ओढतं, यावरही कुणी नाही हेच उत्तर. नवरा शिंपी, कापडाला वास लागतो म्हणून दुकानात चहाचा स्टोव्हसुद्धा पेटवू देत नसे. मग दिवसभर बसता कुठे, असं विचारल्यावर बाईंनी आपली अकरा वर्षांची जागा सांगितली: लोखंडी कपाट आणि साहेबांचं टेबल यांच्या मधली, एसीसाठी कायम बंद असलेल्या खिडकीखालची. आधी जागा बदला, डॉक्टर म्हणाले, औषधाचं नंतर बघू.

अर्जाचं शेवटचं पान उतरवून झाल्यावर बाईंनी विषय काढला. बाहेर कारकुनांच्या खोलीत टेबल टाकून द्यावं, एवढंच मागणं होतं. साहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. अशिलांचा मजकूर गोपनीय असतो, बाहेर चार कान असतात, तेव्हा ते काही जमायचं नाही, असं समजावलं. खिडकी उघडली की कागद उडतात, हे त्यांनी पूर्वीच सांगून ठेवलं होतं.

“आणि हे बघा बाई, इथे तुम्हाला कुणी बांधून ठेवलेलं नाही. तुम्हीही स्वतंत्रच आहात की.”

हेही वाक्य त्यांना आवडलं असावं. त्यांनी नवी सिगारेट काढली.

बाईंना तेव्हा राग आला नाही. नवरा घरी तावातावाने बोलू लागला, तर उलट त्यांनीच साहेबांची बाजू घेतली. सवय वाईट असते, त्यांच्या हातात काय आहे, बिचाऱ्यांना दहा मिनिटंसुद्धा राहवत नाही, असं म्हणाल्या. अकरा वर्षं त्यांनी साहेबांची अशी कीव केली होती. त्या किवेच्या आधारावरच तर त्या तिथे बसू शकत होत्या.

सुनावणी अकराला सुरू झाली. बाई फायलींचे गठ्ठे घेऊन साहेबांच्या मागच्या बाकावर बसल्या. एका सिगारेटीत साहेब किती मजकूर सांगतात, हे त्यांना तोंडपाठ होतं, म्हणून पहिल्या अर्ध्या तासानंतर त्या नकळत वाट बघू लागल्या. आता आवाज बसेल, आता बोटं खिशाशी जातील. तसं काही झालं नाही. बारा वाजले, एक वाजला. साहेब व्यक्तीच्या स्वातंत्र्यावर खणखणीत बोलत होते. कपाळावर घामाचा थेंब नव्हता, हात कापत नव्हता. पंगतीला बसल्यासारखे खुशीत होते.

दीडच्या सुमाराला शिपायाने जुन्या निकालांचं बाड टेबलावर आपटलं. धूळ उडाली आणि न्यायमूर्तींना खोकला आला. त्या वयस्कर होत्या, दोनदा खोकल्या, एवढंच. साहेबांचं वाक्य अर्ध्यावर तुटलं. त्यांनी शिपायाला हलक्या आवाजात ते बाड बाजूला न्यायला सांगितलं. मग पुढे होऊन स्वतःच्या हाताने खिडकीची खिट्टी काढली. कागद फडफडले, तसा त्यावर तळहात ठेवला आणि अदबीने विचारलं, “आता त्रास नाही ना, महोदया? आपण म्हणाल तेव्हा पुढे बोलतो.”

स्टेनोबाई त्या तळहाताकडे बघत राहिल्या.

दोनला कोर्ट उठलं. निकाल राखून ठेवला होता, पण साहेब जिंकल्याच्या थाटात पायऱ्यांवर आले. सिगारेट पेटवली, लांब झुरका घेतला आणि कसं काय झालं म्हणून बाईंना विचारलं. दोन्ही हातांवर गठ्ठे घेऊन बाई त्यांच्या शेजारी उभ्या होत्या. धूर नेहमीच्या वाटेने आला.

“तीन तास, साहेब,” त्या म्हणाल्या. “एकदाही नाही.”

साहेबांना ते कौतुक वाटलं. ते प्रसन्न हसले.

“अहो, तिथे कशी ओढणार? समोर माणसं बसलेली असतात.”

बाईंनी मान डोलावली. मग एकेक करून चारही गठ्ठे साहेबांच्या हातांवर ठेवले. त्यांनी ते सवयीने घेतले. बाई पदर सावरायला हात मोकळे करत असतील, असं त्यांना वाटलं. वर आपली वही ठेवून बाई पायऱ्या उतरू लागल्या. फाटकाबाहेर जाईपर्यंत त्यांनी मागे पाहिलं नाही.

साहेब हनुवटीने वही दाबून धरत तिथेच उभे होते. सिगारेट ओठांत तशीच होती आणि धूर सरळ डोळ्यांत जात होता.