गाळलेली बातमी

रविवारी संध्याकाळी मुलांचा फोन येईपर्यंत टिपणीस मास्तर टीव्हीवर लंडनची आणि अमेरिकेची वाहिनी शेजारीशेजारी लावून बसत. लेक लंडनला, मुलगा शिकागोला. तिथलं खरंखोटं कळायला नको का? खाली 'चाळणी'च्या, म्हणजे दोन वाहिन्यांच्या बातम्या ताडून पाहणाऱ्या टीव्हीतल्या एआयच्या, राखाडी ओळी सरकत होत्या. एकाच मोर्चाला लंडनने निदर्शनं म्हटलं होतं, अमेरिकेने दंगल. जखमींचा आकडा दोघांनीही गाळला होता. तफावत एकसष्ट टक्के.

"बघ कुमुद, दोघेही लबाड!" मास्तर खुशीत बायकोला म्हणाले.

तेवढ्यात त्याच पडद्यावर मुक्ता आणि शैलेश आले. चाळणी बंद करायचं मास्तरांच्या ध्यानातच राहिलं नाही.

"आम्ही मजेत," मास्तर म्हणाले.

"अगदी मजेत," कुमुदताईंनी री ओढली.

खाली, मुलांनाही दिसेल अशी, ओळ उमटली: 'दोन्ही निवेदकांचा कल एकच. गाळलेली बातमी: गुरुवारी कुमुदताई न्हाणीघरात पडल्या, मनगटाला प्लास्टर. मुलांना कळवायचं नाही असं ठरलं.'

घरातलं सगळं बोलणं चाळणीच्या कानावर असतं, हे दोघंही विसरले होते. कुमुदताईंनी हात पदराखाली आणखी आत ओढला. मास्तर रिमोट शोधू लागले.

"आई, हात दाखव," मुक्ता म्हणाली.

प्लास्टर पदराबाहेर आलं. मुक्ताने ओठ घट्ट मिटले, शैलेशने चष्मा काढून डोळे पुसले. चाळणीने दोन्ही चौकटी न्याहाळल्या आणि लिहिलं:

'लंडन, अमेरिका: तफावत शून्य.'