घेराच्या दुमडीतला केस

"हा माणूस मांजरासारखा केस गाळतो, आणि टोपी घाला म्हटलं की रुसतो," मादाम गारिगू म्हणाल्या. त्यांच्या चिमट्यात एक लांब पांढरा केस होता. त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरून बघितला आणि डगल्याच्या खिशात टाकला.

लेस्काल कॅमेऱ्यामागून नुसता हसला. साठी उलटलेला, मानेवर रुळणाऱ्या पांढऱ्या केसांचा माणूस. तीन महिने तो पॅरिसमधल्या या पोशाखघराच्या सहाव्या मजल्यावर, छपराखालच्या शिवणखोलीत येत होता. लग्नाच्या एकाच पोशाखाची फिल्म करत होता, कोऱ्या कापडाच्या पहिल्या कापापासून पोशाख दाराबाहेर पडेपर्यंत.

फिल्मवाले एरवी येतात, आठ दिवस पायात वायरी घालतात, चॉकलेटं वाटतात आणि जातात. हा टेबलाखाली आडवा पडायचा. शिवणाऱ्या पोरी हात धुऊन, पांढरे डगले चढवून बसायच्या, आणि याच्या बाहीला ब्रेडचा चुरा.

"वर नुसते माझे हातच टिपता," मादाम म्हणाल्या. "माझ्या चेहऱ्यानं तुमचं काय घोडं मारलंय?"

"चेहरा शेवटी ठेवलाय, मादाम."

"शेवट आजच आहे. चार वाजता पोशाख न्यायला गाडी येते."

हा त्यांच्या हातचा शेवटचा पोशाख. बेचाळीस वर्षं सुई धरली, उद्यापासून घरी. खालच्या मजल्यावर पोशाख तपासायला भिंगं घेऊन बसणाऱ्या बायांना त्यात एक फाजील दोरा जरी सापडला असता, तरी बेचाळीस वर्षं बाजूला राहून त्या दोऱ्याचंच नाव निघालं असतं.

लेस्कालचं काम खरं तर गेल्या गुरुवारीच संपलं होतं. उजेड बरोबर नव्हता म्हणून तो शुक्रवारी आला. मग सोमवारी. मग आज. उजेड रोज तोच होता.

पोशाख पुतळ्यावर उभा होता. बावीस मीटरांचा घेर, वाफेसारखी तलम रेशमी जाळी. कोणी नुसतं दार उघडलं तरी तो सबंध हलायचा, झोपेत कूस बदलावी तसा. त्याच्या आसपास पोरी आपोआप हळू बोलायच्या. खोलीत इस्त्रीचा ओला वास आणि दोरा कापडातून निघाल्याची बारीक सरसर, बाकी काही नाही. अशा वेळी दुपारची संध्याकाळ कधी होते, कळत नसे.

सकाळीच पोरींतली कापुसीन रंगेहाथ सापडली होती. बिनलग्नाच्या शिवणाऱ्या पोरी नवरीच्या घेराच्या दुमडीत आपला एक केस शिवतात. वर्षाच्या आत लग्न जमतं म्हणे. मादामनी तिचे टाके उसवून केस तिच्या तळहातावर ठेवला होता.

"याच्यानं काही होत नाही."

"तुम्हाला काय माहीत, मादाम?"

"मला माहीत आहे."

कापुसीननं डोळे मिचकावून कपाटाकडे बघितलं. पंचविशी गाठूनही लग्न न झालेल्या पोरींना नोव्हेंबरात घालतात ती हिरवी-पिवळी टोपी मादामच्या कपाटावर होती. अजून. पोशाखघरात खोलीच्या मुख्य बाईला मादामच म्हणतात, घरी कोणी असो नसो.

तीन वाजता, बाकीच्या पोरी खाली गेल्यावर, लेस्कालनं शेवटचं टिपायला घेतलं. गुडघ्यांवर बसून त्यानं कॅमेरा घेराच्या काठाला लावला आणि हळूहळू सरकवत नेला. उजेड मागून येत होता. टाके कुठेच दिसत नव्हते. मग तो थांबला. मागे आला. पुन्हा थांबला.

दुमडीच्या आत काहीतरी चमकत होतं.

"मादाम," तो म्हणाला. "केस आहे. पांढरा."

कापुसीननं तोंडावर हात ठेवला. पोरींचे केस तपकिरी, नाहीतर लालसर. मादामचा अंबाडा तर दर पंधरा दिवसांनी काळाभोर होत असे. या खोलीत पांढरे केस एकाच माणसाला होते.

"माझाच आहे," लेस्काल म्हणाला. "मी टोपी काढली होती…"

"मंगळवारी," मादाम म्हणाल्या. "गेल्याच्या गेल्या मंगळवारी. जेवणानंतर."

"तुमचा शेवटचा पोशाख मी नासवला. खाली जाऊन सांगतो, सगळी चूक माझी. उसवायला किती वेळ लागेल?"

"उसवायचं नाही."

"पण भिंगातून दिसेल!"

"दुमडीच्या आत कोणी बघत नाही. मला विचारा."

तो तसाच गुडघ्यांवर बसला होता. जाळीची एक चुणी त्याच्या खांद्यावर येऊन विसावली होती आणि ती दूर करायचं त्याला सुचत नव्हतं. कापुसीन एकदा दुमडीकडे बघायची, एकदा मादामकडे. हळूहळू तिच्या तोंडावरचा हात खाली आला.

"कापुसीन, इस्त्री बघ."

"इस्त्री बंद आहे, मादाम."

"मग जा, लावून ये."

कापुसीन गेली. दार लागलं, पोशाख हलला. मादामनी चष्मा डोळ्यांवरून काढून हातात घेतला आणि पहिल्यांदाच कॅमेऱ्याकडे न बघता त्याच्यामागच्या माणसाकडे बघितलं.

"अगदीच मठ्ठ आहेस," त्या म्हणाल्या. "तीन महिने माझे टाके बघतोयस आणि एवढं कळेना? पडलेला केस सात टाक्यांखाली सरळ झोपतो होय? बेचाळीस वर्षं माझा घालून पाहिला, काही झालं नाही. म्हणून या खेपेला तुझा घातला."