एसाचा झेल कोण घेणार?

अमेरिकेतल्या बेसबॉलच्या इतिहासात एसा पेटीबोनइतक्या वेगाने चेंडू कुणीही टाकलेला नाही. ही थोर कीर्ती तीन सामने टिकली. १८८४ साली फलंदाजामागे उभी राहणारी आम्ही कॅचर मंडळी उघड्या हातांनीच झेल घ्यायचो. दर सामन्यात एकाची बोटं मोडली, आणि तिसरा मी होतो.

"शनिवारपर्यंत नवा कॅचर शोध, नाहीतर वीटभट्टीवर परत जा," कप्तानाने एसाला बजावलं. एसाला पाहिलं की ओहायोतलं आमचं अख्खं गाव हात खिशात घालायचं.

शुक्रवारी भर दुपारी तो रिकाम्या मैदानावर एकटाच चेंडू टाकत होता. मी बाकावर बसलो होतो. चार चेंडू मागच्या कुंपणावर धाडकन आदळले.

पाचवा आदळलाच नाही. कॅचरच्या रिकाम्या जागी तळव्यांवर बसल्यासारखा चट्ट आवाज झाला आणि चेंडू अधांतरी थांबला. मग अलगद एसाकडे परत आला.

"लेम, पाहिलंस?"

"नाही," मी म्हणालो. "आणि तूही पाहू नकोस."

पण एसा हसला, कित्येक आठवड्यांनी. मग सगळा जीव एकवटून त्याने पुन्हा टाकला. चट्ट!

या खेपेला चेंडू परत आला नाही. त्या रिकाम्या जागेतून कुणीतरी कळवळून म्हणालं, "बाबा रे, जरा हळू टाकशील का?"