गनीभाईचं गिऱ्हाईक

पुण्याची बस दर तासाला सुटाय लागली, तसं आमचं समदं पौड लुगडी-धोतरं घ्यायला पुण्याला पळाया लागलं. गनीभाईच्या कापडाच्या दुकानात खपायचं ते फकस्त मयताचं कापड, कारण मढं काय बसची वाट बघत थांबत न्हाई. आता दुकान मोडायचंच, असं त्यानं मनाशी ठरिवलं व्हतं.

मयताचं कापड नेणाऱ्याला दुकानदार कधी "पुन्हा या" म्हनत न्हाई. पर म्हातारा कोंडाजी गेला, त्याचा ल्योक कापड न्यायला आला, आन जुन्या सवयीनं गनीभाईच्या तोंडून निसटलंच, "पुन्हा या बरं का!"

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला खुद्द कोंडाजी दुकानाच्या पायरीवर हुबा! त्येच पांढरं कापड गुंडाळून.

"बोलावलंस म्हनून आलो, गनी. जित्तेपणी घेतलेल्या त्या पुण्याच्या फेट्यानं घामानंच रंग सोडला बग, समदं कपाळ लाल. तुझ्याकडचा गुलाबी दाव."

गनीभाईनं गादी झटकली.



"बसा नाना, च्या सांगतो. आन तिकडं समद्यांस्नी सांगा, आमचं दुकान अजून चालू हाय."