बटलरची खुर्ची

चाळीस वर्षं सिनेमात बटलरच होणाऱ्या ऑर्विल पेंब्रीनं इतके भाजलेले तितर वाढले होते, की लंडनची पाखरं त्याला बघताच आपणहून ताटात पडायची म्हणे! त्या रविवारी मात्र तो स्वतःच्याच घरी ताट मांडत होता. स्टुडिओत त्याचे कोट इस्त्री करणारी विधवा हेस्टर घरी जेवायला आली होती आणि ऑर्विलला तिला लग्नाचं विचारायचं होतं. आरशासमोर घोकलेलं भाषण ऐन वेळी पळालं. कमरेत वाकला, तोंडून सिनेमातलंच वाक्य निघालं, "जेवण तयार आहे, बाईसाहेब." बोंबललं सगळं! पण हेस्टर हसली. "तुझ्या कोटातली अंगठी तीन वर्षं माझ्या इस्त्रीखाली येतेय, मेल्या!" तिनं दुसरी खुर्ची ओढली. "बस आता. आमच्यात नवरा शेजारी बसून जेवतो." ऑर्विल बसला. जन्मभर वाढलेला तितर त्यानं पहिल्यांदाच खाल्ला. करपला होता, तरी दोनदा मागून घेतला.