निरोगी लिव्हरचा नमुना

लिव्हर कितपत कडक झालंय, हे मोजणारं मशीन मी चालवतो. काल दोन नव्या टेक्निशियन शिकायला आल्या. "निरोगी माणसाचा आकडा सातच्या आत येतो, बघा," म्हणत मी स्वतःच शर्ट वर करून टेबलावर आडवा झालो. भूक सडकून लागते, झोप गाढ, डोळे पांढरेशुभ्र, पायाला सूज नाही. मशीन लागायच्या आधीच मी माझा रिपोर्ट देऊन टाकला.

"सर, चौदा येतोय."

"हात हलतोय तुझा. तू घे गं."

"माझ्याकडूनही चौदाच, सर."

मी उठून मशीन बंद-चालू केलं, पुन्हा आडवा झालो. चौदा.

एकीने वही उघडून पेन काढलं.



"सर, एवढा आकडा आला की पेशंटला कसं सांगायचं?"