सतरा नंबरची मुलगी

“बीमवर चढायच्या आधी एकदा वर बघ. हात हलव. बस, तेवढंच,” वर्षा म्हणाली.

सुरभी अंबाड्यात पिना खोचत होती. तिने आरशातूनच वर्षाकडे पाहिलं.

“अन् तुह्या मायनं ओळखलं तर?”

“इतक्या दुरून काय दिसते? एकच कॉस्च्युम, एकसारखे अंबाडे. तिले डोळ्यांनं कमी दिसते, अन् चष्मा डब्यात ठेवते ते. फक्त तुहा सतरा नंबर सांगितला हाये मी तिले, माहा म्हणून.”

“मले पाप लागल वं.”

“लागू दे. अर्धं मले दे.”

सुरभी हसली, मग आरशापासून वळली. “सांगून काहून नाही टाकत?”

वर्षा जिम्नॅस्ट मुलींच्या हाताला लावायच्या पांढऱ्या पावडरीचं भांडं उचलून हॉलमध्ये गेली. आताशा तिचं काम तेच होतं.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी व्हॉल्टच्या टेबलावरून उडी घेऊन उतरताना तिचा उजवा गुडघा आत वळला होता. डॉक्टर म्हणाले, चालशील, पळशीलही, पण उड्या विसर. सर म्हणाले, घरी कळवतो. “नको सर, मीच सांगते,” ती म्हणाली. मग होळीला सांगू असं ठरवलं. होळीला ती घरीच गेली नाही.

पुढच्या वर्षी दहावीची परीक्षा होईपर्यंत तिला यवतमाळच्या होस्टेलात राहू दिलं होतं. ती मॅट उचलायची, लहान मुलींच्या कमरेला हात धरून त्यांना उलटं करायची. संध्याकाळी सगळ्या जेवायला गेल्या की रिकाम्या हॉलमध्ये बसून राहायची. खोलीत तरी कोण होतं? मुली रात्री स्पर्धांच्या गोष्टी बोलायच्या, आणि ती आत आली की विषय बदलायच्या. चांगल्या मनानेच बदलायच्या. तेच तिला सोसत नसे.

आणि तिकडे पुसदजवळच्या तिच्या बंजारा तांड्यात, शिरतानाच तिचा फोटो लागलेला होता. दोन्ही हात वर, ताठ मान. तांड्याचे नाईक धरमसिंग यांनी तो फलक स्वतः उभा करून घेतला होता. तांड्यातल्या मुली म्हणे त्याच्याखाली उभ्या राहून तसेच हात वर करायच्या.

“खेळ चालू हाये ना बेटा?” फोनवर याडी, तिची आई, विचारायची.

“चालू हाये.”

मग दोघी फोन ठेवायच्या. आधी याडी किती विचारायची! काय खाल्लं, कोण जिंकलं, गावी कधी येतेस. या उन्हाळ्यात ते सगळं बंद झालं होतं. वर्षाला वाटे, तिला आता आपल्याशिवाय राहायची सवय झाली. मुलगी लवकर घराबाहेर काढली की असंच होत असेल.

म्हणूनच परवा याडीचा फोन आला तेव्हा ती दचकली.

“स्पर्धा हाये म्हणतात तिथं. येऊ का पाहाले?”

“भेटू देत नाहीत याडी, खेळाडूंना.”

“नको भेटू. पाहीन अन् चालली जाईन.”

आता वर्षाची याडी, मानीबाई, अगदी वरच्या रांगेत बसली होती. डोक्यावर पदर, मांडीवर थैली. टाळ्या कधी वाजवायच्या हे तिला कळत नव्हतं. शेजारच्या बाईने वाजवल्या की ती वाजवायची. स्पीकरवरची नावं खरखरीत विरून जात होती.

वर्षा मॅटच्या ढिगाऱ्यामागे उभी होती. अख्खा हॉल बीमच्या अरुंद पट्टीकडे पाहत होता. ती एकटी वर पाहत होती.

सुरभीने हात हलवला.

मानीबाईनेही हात वर केला, अर्धाच. वर्षाने श्वास सोडला.

सुरभी चांगली चालली होती. मागे घ्यायच्या उडीत तिची टाच निसटली आणि ती खाली आदळली. “अरे अरे!” सगळा हॉल बोलला. एक बाई तर उठून उभी राहिली.

मानीबाई बसूनच होती. तिची नजर बीमवर नव्हतीच. दारं, पडदे, भिंतीच्या कडा अशी ती फिरत होती. वर्षा झटकन खाली वाकली.

तिला काही कळत नाही, वर्षाच्या मनात आलं. मी पडले असते, तरी ती अशीच बसली असती.

जे हवं होतं तेच झालं होतं. तरी ती मॅटमागून उठली नाही.

दुपारी फोन वाजला.

“पाह्यलं बेटा. चांगलं झालं.”

“पडली ना मी.”

“पडलं तर काय झालं? पडते माणूस.” मागे स्टँडवरचा गोंगाट ऐकू येत होता. “पुसदची गाडी लागली हाये. येतेस का इथवर?”

“सर नाही सोडत.”

“बरं,” याडी म्हणाली, आणि फोन बंद झाला.

वर्षा थोडा वेळ पलंगावर बसली. मग उन्हात साऱ्याच मुली बांधतात तसा तिने तोंडाला स्कार्फ गुंडाळला आणि निघाली. भेटायचं नव्हतं. नुसतं पाहायचं होतं. रिक्षातून उतरून ती गर्दीतून हळूहळू गाडीपर्यंत गेली आणि बाजूला, एका खिडकीच्या खाली उभी राहिली. वर मानीबाईचा हात दिसत होता. हिरव्या बांगड्या, मनगटावर गोंदण. हात वर केला असता तर लागला असता.

गाडी भरत आली. आत लोक उभे राहू लागले.

“मावशी, थैली उचला जरा,” एक माणूस म्हणाला. “बसू द्या.”

“जागा धरली हाये थे, भाऊ.”

“कोणाची? कवापासून पाहून राह्यलो, कोणी तर येऊन नाही राह्यलं.”

“माह्या पोरीची,” मानीबाई म्हणाली. “खाली उभी हाये थे, खिडकीपाशी. चढाले वेळ लागते तिले, गुडघा मोडला हाये ना तिचा.”